मोठा स्विच हलवायचा असेल तर

ऑफिस शिफ्टिंगची तारीख ठरली की आधी खुर्च्या मोजल्या जातात, मग एसी, मग कॉफीचं मशीन. सर्व्हर रूममधल्या रॅकची, म्हणजे नेटवर्कची यंत्रं बसवलेल्या लोखंडी चौकटीची, आठवण होते ती शेवटच्या आठवड्यात. मग कुणीतरी दार उघडून आत डोकावतं आणि विचारतं, "हे केवढ्या वजनाचं आहे? किती माणसं लागतील?"

सोळा वर्षं नेटवर्कची कामं केली, त्यात हा प्रश्न किती वेळा ऐकला याला गणती नाही. प्रश्न चुकीचा नाही, पण त्यामागे एक समजूत असते. जे जड ते दणकट, तेव्हा चार धट्टीकट्टी माणसं आणि एक टेम्पो असला की काम झालं. लोखंडी कपाट असंच हलवतो आपण. पण त्या कपाटात काचेचे ग्लास भरून ठेवलेत आणि ते बाहेरून दिसत नाहीत, असं समजा. मोठा नेटवर्क स्विच, म्हणजे ऑफिसातले सगळे संगणक एकमेकांना जोडणारं यंत्र, हे असलं कपाट.

आणि आणखी एक. माझ्या पाहण्यात टेम्पोत फुटलेलं सामान फार थोडं आहे. जे बिघडलं ते बहुतेक रॅकमधून काढताना, नाहीतर नव्या जागी बसवताना. रस्त्यावरच्या खड्ड्यांना आपण उगाच जास्त शिव्या देतो.

उदाहरणासाठी एकच यंत्र डोळ्यासमोर ठेवू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. सिस्कोचा कॅटॅलिस्ट 9410 आर हा स्विच घ्या. मोठ्या ऑफिसांत, कॉलेजांत, हॉस्पिटलांत असे स्विच दिसतात. हा एक डबा नसून एक चौकट आहे, तिला चेसिस म्हणतात. चेसिसला दहा खाचा, म्हणजे स्लॉट. दोन स्लॉटमध्ये मेंदूचं काम करणारी कार्डं, उरलेल्या आठांत लाइन कार्डं, आणि प्रत्येक लाइन कार्डावर 48 पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा, घेतले तर 384 संगणक किंवा वायफायचे डबे या एका यंत्राला जोडता येतात. शिवाय आठपर्यंत पॉवर सप्लाय आणि पंख्यांचा एक अख्खा ट्रे. रॅकमध्ये याची उंची 13 यू. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, 44.45 मिलिमीटर. म्हणजे अठ्ठावन्न सेंटिमीटर उंचीचं हे धूड, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग समोरून ओढला की बाहेर येणारा.

बाहेर येतो, म्हणूनच तो बाहेर काढायचा. चेसिस भरलेला असताना उचलायचा नसतो. पण तिथवर पोचायला वेळ आहे, कारण पॅकिंगची सुरुवात खोका आणल्यावर होत नाही. ती स्विच चालू असतानाच होते.

यंत्र चालू असताना

चार-पाच वर्षं एकदाही बंद न झालेला स्विच दिसला की लोक कौतुक करतात. मला भीती वाटते. पॉवर सप्लाय वर्षानुवर्षं गरम राहून चालू असतो तोवर ठीक. एकदा थंड झाला की परत उठेलच याची खात्री नसते. दुसरं म्हणजे स्विच आपलं सॉफ्टवेअर सुरू होताना एकदा मेमरीत चढवतो आणि मग त्यावरच चालत राहतो. मधल्या काळात कुणी जागा मोकळी करायला फ्लॅशमधली, म्हणजे स्विचच्या कायमच्या साठ्यातली, ती मूळ फाइल उडवली असेल, तरी यंत्र बिनबोभाट चालतं. ते कळतं पुढच्या वेळी सुरू करताना. नव्या जागी, रात्री तीनला.

म्हणून हलवायच्या आठ-दहा दिवस आधी एका रविवारी स्विच मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करून बघायचा. काय मरायचं ते जुन्या जागी, सुटा भाग मागवायला हाताशी आठवडा असताना मरू दे. नुसतं रीलोड करून भागत नाही, वायर काढून पाच मिनिटं थंड होऊ द्यायचा. या एका सल्ल्यासाठी मी व्यवस्थापनाशी दरवेळी भांडतो, कारण त्यांना तो जास्तीचा डाउनटाइम वाटतो.

पुनःपरीक्षा झाली की नोंदी. चालू कॉन्फिगरेशन, म्हणजे स्विचची सगळी सेटिंग्ज, साठवून घ्यायचं, राइट मेमरी ही आज्ञा प्रत्येकाला येते आणि ऐन वेळी प्रत्येकजण विसरतो. त्याची प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि एक अशा ठिकाणी जिथे पोचायला हाच स्विच चालू असावा लागणार नाही. हसू नका, बॅकअप सर्व्हर त्याच स्विचला जोडलेला असल्याचं मी पाहिलंय. मग शो इन्व्हेंटरीचा निकाल, म्हणजे कुठल्या स्लॉटमध्ये कुठलं कार्ड, त्याचा सीरियल नंबर काय. मग शेजाऱ्यांची यादी: कुठल्या पोर्टवर पलीकडे कोण आहे ते एलएलडीपीच्या आज्ञेने स्विच स्वतःच सांगतो, त्यासाठी वायरींच्या गुंत्यात बोट घालायला नको.

आणखी एक नोंद फार थोडे लोक करतात. फायबरच्या, म्हणजे प्रकाशातून माहिती नेणाऱ्या काचेच्या तारेच्या, प्रत्येक पोर्टवर किती प्रकाश येतोय, तो आकडा. हा डीबीएम या एककात असतो आणि बहुधा उणे असतो. समजा 10 गिगाबिटच्या लांब पल्ल्याच्या लिंकवर हलवण्याआधी उणे 5 दिसत होतं आणि नव्या जागी उणे 12 दिसतंय. लिंक चालेल, हिरवा दिवा लागेल, सगळे घरी जातील. पण हा प्रकाश वाचणारं पोर्टमधलं जे मोड्यूल असतं, त्याच्या या प्रकाराची सहनशक्ती उणे 14.4 ला संपते. म्हणजे तुम्ही कड्याच्या टोकावर उभे आहात आणि तुम्हाला ते माहीत नाही. आधीचा आकडा लिहिलेला असला तरच हे कळतं, आणि मग फायबरचं टोक पुसलं की पाच मिनिटांत प्रश्न सुटतो.

वायरींना दोन्ही टोकांना लेबल लावायची. एका टोकाला लावून दुसरं सोडलं तर ते लेबल नसल्यातच जमा. आणि काढण्याआधी प्रत्येक कार्डाचा फोटो, समोरून, जवळून. लांबून काढलेल्या एका फोटोत 384 पोर्ट दिसतात पण एकही वाचता येत नाही.

वाट आधी चालून या

हे काम नेटवर्कवाल्यांना आपलं वाटत नाही. मेजरिंग टेप खिशात घालून रॅकपासून टेम्पोपर्यंत आणि पलीकडे टेम्पोपासून नव्या रॅकपर्यंत चालायचं. दारांची रुंदी, उंबरा, जिन्याचं वळण, उतार. लिफ्टमधली पाटी नीट वाचा: 6 व्यक्ती, 408 किलो. आठ असतील तर 544. माणशी 68 किलो धरून हा हिशेब केलेला असतो. रिकामी रॅक, चेसिस आणि वर चार माणसं हे गणित सहाच्या लिफ्टमध्ये बसतंय का ते कागदावर बघा, लिफ्टमध्ये नको. 42 यूची रॅक आतून 1,867 मिलिमीटर असली तरी वरचं छप्पर आणि खालची चाकं धरून दोन मीटरला जाते, आणि पुष्कळ लिफ्टची दारं तेवढीच उंच असतात. रॅक तिरपी केल्याशिवाय आत जाणार नसेल तर भरलेली रॅक नेण्याचा विचार तिथेच सोडून द्या. तसाही सोडायलाच हवा. रॅकची चाकं ही जागच्या जागी सरकवायला असतात, पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवरून ओढायला नाही.

सर्व्हर रूममध्ये फॉल्स फ्लोअर असेल तर त्या फरशा दोन फुटी चौकोनी असतात आणि खाली पोकळी. चार चाकांवरचा सगळा भार चार बिंदूंवर येतो. एखाद्या फरशीचा पाया सैल असेल तर चाक आत. वाटेवर जाड प्लायवूड अंथरलं की भार पसरतो. अठरा मिलिमीटरचं प्लाय आणायला सांगा, शिफ्टिंगवाल्यांकडे सहसा असतं, आपण मागत नाही म्हणून ते खाली गाडीतच राहतं.

काढायचा क्रम

स्विच सॉफ्टवेअरमधून बंद केला, पॉवर सप्लायची बटणं बंद केली, आता वायरी काढायच्या. मोठ्या स्विचला वीज दोन बाजूंनी येते, एक या यूपीएसकडून, दुसरी त्या. एक वायर काढली म्हणजे यंत्र निर्जीव झालं असं समजू नका. जेवढे पॉवर सप्लाय तेवढ्या वायरी मोजून काढा. पंखे थांबेपर्यंत हात आत घालायचा नाही. वीज गेल्यावरही पाती थोडा वेळ फिरतच असतात आणि काळोख्या रॅकमध्ये दिसत नाहीत.

सगळ्या वायरी निघाल्या तरी एक ठेवायची. अर्थिंगची. हिरव्या-पिवळ्या रंगाची ती वायर बसवताना सर्वांत आधी आणि काढताना सर्वांत शेवटी. कारण आता आपण कार्डांना हात लावणार आहोत, आणि आपल्या अंगावरची स्थिर वीज कुठेतरी जायला हवी.

जानेवारीत नागपूरला किंवा पुण्याला स्वेटर काढताना जो चट् असा आवाज येतो, गाडीच्या दाराला हात लावल्यावर चटका बसतो, ती ही वीज. माणसाला असा चटका जाणवतो तो साधारण 3,000 व्होल्टच्या पुढे. चिप मरायला शंभर-दोनशे व्होल्टही पुरतात. म्हणजे तुम्हाला काहीही जाणवलं नाही आणि तरी कार्ड गेलं, हे सहज होतं. त्याहून वाईट म्हणजे ते पूर्ण मरत नाही, अर्धमेलं होतं आणि तीन महिन्यांनी अधूनमधून पोर्ट पाडायला लागतं. तेव्हा शिफ्टिंगची आठवणही कुणाला नसते.

उपाय स्वस्त आहे. मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा, त्याची चिमटी चेसिसच्या उघड्या धातूला. पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोध असतो आणि तो मुद्दाम असतो. अंगावरची वीज त्यातून हळूहळू जाते, आणि चुकून 230 व्होल्टला हात लागलाच तरी पट्ट्यावाटे जमिनीत जाणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरच्या आतच राहतो. म्हणून पट्ट्याऐवजी साधी वायर मनगटाला गुंडाळण्याचा जुगाड करू नका. तसा एकाने माझ्यासमोर केला होता आणि वर मलाच समजावत होता.

आता एसएफपी. फायबरच्या पोर्टमध्ये बसणारी ही बोटाएवढी मोड्यूलं. काहीजण ती कार्डातच ठेवतात, लवकर होतं म्हणून. माझं मत काढून ठेवावीत. ती कार्डाच्या पुढे आलेली असतात, खोक्यात पहिला दणका त्यांना बसतो आणि त्यांच्याबरोबर पोर्टची धातूची चौकट वाकते. काढलेल्या प्रत्येक मोड्यूलला त्याचं रबरी टोपण, आणि फायबरच्या प्रत्येक टोकालाही. सिंगल मोड फायबरचा प्रकाश जातो तो गाभा असतो 9 मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस सत्तरेक मायक्रॉन. धुळीचा डोळ्याला न दिसणारा कण त्या गाभ्यासमोर दारात आडव्या झालेल्या म्हशीसारखा असतो. फायबरच्या टोकात डोकावून बघायचं नाही हे वेगळं सांगायला नको. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. आणि पॅच कॉर्ड, म्हणजे फायबरच्या जोडवायरी, गुंडाळताना सुतळीसारखी करकचून गुंडाळू नका. ताण नसताना वायरीच्या जाडीच्या दहापट त्रिज्येपेक्षा घट्ट वळण द्यायचं नाही. तीन मिलिमीटरच्या कॉर्डसाठी तीन सेंटिमीटर त्रिज्या होते. जेवणाच्या ताटलीएवढं वेटोळं केलं की मोजायची गरज उरत नाही.

लाइन कार्डं काढताना दोन्ही बाजूंच्या खटक्या एकदम उघडायच्या. एक आधी, एक नंतर केली की कार्ड आत तिरकं होतं. मागच्या बाजूला, चेसिसच्या पोटात, बारीक पिनांच्या रांगा असलेली पाटी असते, तिला बॅकप्लेन म्हणतात. कार्ड आणि चेसिस यांचं सगळं बोलणं तिथून चालतं. त्यातली एक पिन वाकली तर तो स्लॉट गेला, आणि ती पिन सरळ करायला कारखान्याबाहेर कुणी बसलेलं नाही. कार्ड एका हाताने खटकीला धरून ओढलं तरी दुसरा हात खाली तळाशी हवा. रिकाम्या स्लॉटवर लगेच डमी पट्टी लावा म्हणजे थर्माकोलचे दाणे, कागदाचे तुकडे आत जाणार नाहीत. या पट्ट्या स्विच आला तेव्हाच्या खोक्यात होत्या, आणि तो खोका कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं. मग जाड पुठ्ठा कापून अँटिस्टॅटिक टेपने बंद करा, चालतं.

मुठी

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

पॉवर सप्लायला समोर मूठ असते. पंख्याच्या ट्रेला असते. मूठ दिसली की माणूस धरतो, त्यात त्याचा दोष नाही. पण ती मूठ त्या भागापुरती आहे, तो भाग ओढून काढण्यासाठी. तिला धरून अख्खा चेसिस उचलला तर सगळं वजन पॉवर सप्लायच्या मागच्या जोडणीवर आणि दोन पातळ पत्र्यांवर येतं. स्विचबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत हे चौकटीत, उद्गारचिन्हासकट छापलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी लोअर परळमधलं एक ऑफिस ऐरोलीला हलत होतं. जुलै महिना. मी वरच्या मजल्यावर यादी तपासत होतो आणि खाली शिफ्टिंगच्या माणसांनी चेसिस रॅकमधून काढायला घेतला, दोघांनी दोन पॉवर सप्लायच्या मुठी धरून. मी धावत गेलो तेव्हा एक पॉवर सप्लाय अर्धा बाहेर आला होता आणि चेसिस एका बाजूला झुकला होता. मुकादम शांत होता.

"साहेब, घाबरू नका. गोदीत यापेक्षा भारी माल उचललाय."

"उचलला असाल हो मामा, पण हा मुठीनं नाही उचलायचा. खालून धरायचा."

"खालून धरायला जागा कुठंय?"

बरोबर बोलत होता. जागा नव्हतीच. चेसिस रॅकच्या तळाला होता आणि खालून बोटं घालायला फटही नव्हती. चूक त्यांची नव्हती, आमची होती. आम्ही सर्व्हर लिफ्ट मागवली नव्हती. सर्व्हर लिफ्ट म्हणजे हाताने फिरवायची शिडीसारखी गाडी, तिचं पाट चेसिसच्या पातळीला आणायचं आणि चेसिस रॅकमधून सरळ त्यावर सरकवायचा. उचलायचा प्रश्नच येत नाही. दिवसाच्या भाड्याने मिळते.

मुकादमाच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती जी मला नंतर उमगली. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आलेला. 1969 साली माथाडी, हमाल कामगारांसाठी महाराष्ट्राने वेगळा कायदा केला त्याला हीच मेहनत कारण होती. पन्नास किलोची गोण ही माणसं पाठीवर घेऊन जिना चढतात. पण गोण अंगावर बसते, पाठीचा आकार घेते, भार अंगाजवळ राहतो. चेसिसला कडा असतात, तो अंगापासून दूर धरावा लागतो, आणि त्याचा मध्य मधोमध नसतो, कारण पॉवर सप्लाय एका बाजूला. म्हणून अनुभव गोणीचा असला तरी अंदाज चुकतो. अमेरिकेतली एनआयओएसएच ही संस्था एका माणसाने उचलायच्या वजनाची मर्यादा 23 किलो धरते, आणि तीसुद्धा ओझं अंगाजवळ, कमरेच्या पातळीला, दोन्ही हातांना नीट पकड असताना. रॅकमधून यंत्र काढताना यातलं काहीच नसतं.

तेव्हा पॉवर सप्लाय, कार्डं, पंखे काढून चेसिस रिकामा करा, मग दोघांनी समोरासमोर उभं राहून तळाशी धरा, तिसऱ्याने मागचे स्क्रू आणि तोल बघायचा. रॅक रिकामी करताना वरून खाली यायचं, भरताना खालून वर जायचं. जड ते तळाला. हे उलटं केलं तर रॅक तोंडावर पडते, आणि पडताना ती माणूस बघत नाही.

त्या दिवशीचा पॉवर सप्लाय पुढे चालला नाही. चेसिस वाचला.

खोका, पिशवी, फोम

मूळ खोका असेल तर वाद मिटला. यंत्राच्या मापाचा फोम, तळाला लाकडी पॅलेट, सगळं कारखान्यात पाडून-आपटून तपासलेलं असतं. नसेल तर पुढचं वाचा.

कार्ड आधी चंदेरी पिशवीत. बाजारात गुलाबी पिशव्याही मिळतात आणि त्यांनाही अँटिस्टॅटिक म्हणतात. फरक असा की गुलाबी पिशवी स्वतः घासून वीज तयार करत नाही, एवढंच. बाहेरून आलेला झटका ती अडवत नाही. चंदेरी पिशवीत धातूचा थर असतो, तो अडवतो. कार्डासाठी चंदेरीच, तोंड दुमडून टेप लावून. आणि कार्ड पिशवीच्या वर ठेवून उपयोग नसतो, आत घालावं लागतं. हे लिहायची वेळ येते कारण लोक ती टेबलावर चटईसारखी पसरतात.

मग फोम. पांढरा मऊ ईपीई फोम, सगळ्या बाजूंनी निदान दोन इंच. थर्माकोल नको; तो चुरा होतो, दाणे पंख्यात शिरतात आणि घासला की वीज धरतो. गणपतीच्या मखराचा उरलेला थर्माकोल सर्व्हर रूममध्ये आणणारा महाभाग मला भेटलाय. रद्दीचे बोळेही नकोत, पहिल्या दोन खड्ड्यांत ते चपटे होतात आणि वस्तूला आत खेळायला जागा मिळते. खोका बंद करून हातात घेऊन हळूच हलवा. आत काही सरकल्याचं जाणवलं तर पुन्हा उघडा. एका खोक्यात एकच कार्ड. खोक्यावर स्लॉट नंबर आणि सीरियल नंबर दोन बाजूंना लिहा, वर लिहिलेलं दुसरा खोका ठेवला की दिसत नाही.

"आडवं करू का?" हा टेम्पोत हमखास येणारा प्रश्न. चेसिस जसा रॅकमध्ये होता तसाच प्रवास करणार, उभा तर उभा. आडवा केला की त्याचा भार अशा पत्र्यावर येतो जो भार घ्यायला बनवलेला नाही. खोक्यावर वर दाखवणारे बाण छापलेले असतात ते यासाठी. छत्री म्हणजे पाण्यापासून जपा, ग्लास म्हणजे नाजूक. हजारोंचं सामान असेल तर झुकल्यावर आणि आदळल्यावर रंग बदलणारी स्टिकरं मिळतात. ती सामान वाचवत नाहीत, पण स्टिकर दिसलं की माणसाचा हात आपोआप हलका होतो, हा त्यांचा खरा उपयोग.

गाडीचं म्हणाल तर छोटा हत्ती जवळच्या अंतराला पुरतो, पण रिकाम्यासारखा छोटा हत्ती लीफ स्प्रिंगच्या पाट्यांवर उड्या मारतो. थोडा भार असलेली गाडी कमी उडते. खोके चाकांच्या वर नकोत, मागच्या टोकालाही नकोत. ड्रायव्हरच्या केबिनकडे, भिंतीला टेकवून, पट्ट्याने बांधून. लांबचा प्रवास आणि महागडं यंत्र असेल तर एअर सस्पेन्शनची गाडी मागवा.

पाऊस आणि थंड पत्रा

हिवाळ्यात स्थिर वीज शत्रू, पावसाळ्यात पाणी. आणि पाणी म्हणजे फक्त पाऊस नव्हे. त्याच जुलैच्या शिफ्टिंगमध्ये ताडपत्री होती, एक थेंबही आत आला नाही, तरी ऐरोलीला पोचल्यावर खालच्या पार्किंगमध्ये एका खोक्याचं झाकण उघडून बघितलं तर लाइन कार्डाच्या पत्र्यावर घाम. फ्रिजमधून काढलेल्या ताकाच्या तांब्यावर येतो तसाच.

गणित सोपं आहे. सर्व्हर रूम 22 अंशांवर, यंत्राचा पत्राही 22 अंशांचा. बाहेर 30 अंश आणि हवेत 85 टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू येतो 27 अंशांच्या आसपास, म्हणजे 27 पेक्षा थंड असलेल्या कशावरही ती हवा टेकली की पाणी सुटणार. आपला पत्रा तर 22 वर. तिथे वीज जोडली तर पुढचं सांगायला नको.

उपाय दोन आणि दोन्ही फुकट. यंत्र थंड खोलीतच प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करायचं, बाहेर आणून नाही. मग पाणी सुटलं तरी प्लास्टिकच्या बाहेर सुटतं. आत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका. आणि पोचल्यावर घाईने उघडायचं नाही. नव्या सर्व्हर रूमचा एसी चालू करून, खोके आत ठेवून, बंदच ठेवून रात्रभर थांबायचं. मोठा चेसिस म्हणजे लोखंडाचा गोळा, तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. पार्किंगमध्ये झाकण उघडून "सगळं ठीक आहे ना" बघण्याचा मोह मी तेव्हापासून सोडला.

यूपीएस आणि कागद

यूपीएसच्या बॅटऱ्या काढूनच न्यायच्या. आतली 12 व्होल्टची छोटी बॅटरीही दोन किलोच्या वर भरते, तशा आठ-दहा असल्या की निम्मं वजन त्यांचंच. टोकांवर इन्सुलेशन टेप लावा. दोन टोकांवर पान्हा आडवा पडला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. बॅटऱ्या उभ्याच ठेवा.

कागदांचं थोडक्यात. स्वतःचंच सामान स्वतःच्याच दुसऱ्या ऑफिसात नेत असलात तरी गाडीबरोबर डिलिव्हरी चलन लागतं. माल 50,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1,00,000 आहे. पुण्याहून पणजीला निघालात तर राज्य ओलांडलं, 50,000 चाच नियम. बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. आणि शिफ्टिंगवाल्याच्या पावतीमागे बारीक अक्षरात काय भरपाई लिहिली आहे ते वाचा, मग ट्रान्झिट विमा उतरवायचा की नाही ते तुम्हालाच कळेल. दुबईच्या ऑफिसला वगैरे पाठवत असाल तर खोक्याचं लाकूड उष्णता दिलेलं हवं, गाभ्यापर्यंत 56 अंश, 30 मिनिटं, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का. प्लायवूडला हा नियम लागत नाही, म्हणून बहुतेकजण प्लायचीच पेटी करतात.

पोचल्यावर

बसवताना क्रम उलटा. पहिलं अर्थिंग. कार्ड सरकवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येक स्लॉटच्या पोटात बघायचं, पिना रांगेत आहेत का. दहा स्लॉटना दहा मिनिटं लागतात. कार्ड जोर न लावता शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत जायला हवं आणि तिथून खटक्यांनी आत ओढलं जायला हवं. अडलं तर बाहेर काढा, पुन्हा टॉर्च. प्रवासात सैल झालेले स्क्रू हाताने तपासा. आधी एकच पॉवर सप्लाय लावून मेंदूचं कार्ड सुरू करा, पंखे ऐका. सगळं एकदम लावून बटण दाबलं आणि काही बिघडलं तर कोणत्या भागाने बिघडवलं ते शोधत पहाट होते. मग एकेक लाइन कार्ड, मग फायबर, आणि मग तो कागद काढायचा ज्यावर उणे 5, उणे 6 असे आकडे लिहून आणले होते.

एखादं कार्ड मेलेलं निघालंच तर कंपनी बदली कार्ड पाठवते आणि जुनं परत मागते. नवं ज्या खोक्यात आलं त्याच खोक्यात, त्याच फोममध्ये, त्याच चंदेरी पिशवीत जुनं घालून पाठवायचं. मेलेलं आहे म्हणून नुसतं बबल रॅपमध्ये गुंडाळून पाठवलं आणि वाटेत ते तुटलं, तर मोडतोड तुमच्या माथी येते.

आणि चेसिसचा मोठा रिकामा खोका. अ‍ॅडमिनवाले दुसऱ्याच दिवशी तो भंगारात द्यायला निघतात, कारण जागा खातो. मी तो उलगडून सपाट करतो, फोम त्याच्या आत सरकवून रॅकच्या मागे भिंतीला उभा करतो, आणि मार्करने मोठ्या अक्षरात लिहितो: नेटवर्क, टाकू नये. तरी दोनदा गेलाय.